फुलाशिवायची गोळी

माझी नात रादोस्तिना सोफियाहून आजोबांसाठी विस्मरणावरच्या गोळ्या घेऊन आली. आमच्या नदीकाठी फुकट उगवणाऱ्या कोकिचेच्या फुलातलं औषध तिच्या प्रयोगशाळेत म्हणे फुलाशिवायच घडवतात.

"फुलाशिवाय? मग गुण काय डोंबलाचा येणार!"

"तोच गुण येतो, आजी. आजोबा मला ओळखतील, बघ."

म्हातारा रोज जेवताना विचारायचा, "कालोयान आला नाही गं अजून?" मी म्हणायची, "वाटेत असेल हो," आणि लेकाचं ताट मांडायची. आमच्याकडे मेलेल्याचा फोटो छापलेला कागद घराच्या फाटकावर डकवतात. कालोयानचा मी कधीच फाडून टाकला होता, बापाच्या नजरेला पडू नये म्हणून.

महिन्याभरानं म्हातारा फाटकाशी उभा राहून माझ्यावर ओरडला, "आपल्या पोराचा कागद कुठंय? गेलेल्याला असं विसरतात का, बाई?" आणि तिथंच खाली बसून रडला.

संध्याकाळी नातीचा फोन आला. "आजी, आला का गुण?"

"कसला गुण! सांगितलं होतं ना, फुलाशिवाय काही होत नाही."

उरलेल्या गोळ्या मी चुलीत टाकल्या आणि कालोयानचं ताट मांडलं.