मुठीच्या आतली नावं

"रिकामं आहे," असं म्हणत ऑर्विल हॅगर्टीने रिव्हॉल्व्हर नातीपुढे धरलं.

कोराने नळी जमिनीकडे ठेवून बाजूची झडप उघडली. चक्री सावकाश फिरवत गोळीचं एकेक घर पाहिलं. सहाही पाहून झाल्यावर म्हणाली, "हो आजोबा, रिकामं आहे."

"शाबास. मी सांगितलं तरी मानायचं नाही. स्वतः बघायचं."

आज ती बारा वर्षांची झाली होती आणि जेवणानंतर रिव्हॉल्व्हर तिचं होणार होतं. ऑर्विलचे आजोबा एझ्रा गुरं हाकत वायोमिंगला आले, तेव्हापासून ते घरात होतं. एझ्राने ते आपल्या मुलाला, क्लेमला दिलं, क्लेमने ऑर्विलला. पुढचा नंबर ड्वेनचा, कोराच्या वडिलांचा होता. पण ड्वेन ते विकून खाईल, असं म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

ऑर्विलची नजर जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्याने हात पुढे केला. "दे इकडे जरा."

मुठीच्या तळाला एक खाच होती. कुंपणाच्या तारेचे खिळे ठोकायला क्लेमने एकदा मुठीचाच हातोडा केला होता. म्हाताऱ्याचा अंगठा खाचेवर थांबला. खाच होती, जागेवरच होती. पण कडा बोचत होत्या.

"कडा धारदार कशा झाल्या रे, ड्वेन?"

"साफ करून आणलंय ना, बाबा. वर्षानुवर्षांचा मळ निघाला." ड्वेन भांडी धूत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"साफ करायला तीन आठवडे?"

"कारागीर एकटाच आहे तो."

म्हाताऱ्याने खाचेवरून पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाला, की शायेन शहरातला तो जुन्या हत्यारांचा व्यापारी दर पानगळीत फोन करून भाव सांगायचा, नको म्हटलं तरी सांगायचा. यंदा त्याला आपली आठवण कशी झाली नाही कोण जाणे.

नळाचं पाणी वाहत राहिलं.

"कोरा, मुठीचा स्क्रू काढ," ऑर्विल म्हणाला. "लाकडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नावं आहेत. हे रिव्हॉल्व्हर ज्यांचं होतं, त्यांची. मूठ फक्त देण्याच्या दिवशी उघडतात, म्हणून तू पाहिली नाहीस. वाच मला."

"कशाला उगाच, बाबा? जुना स्क्रू आहे, झिजेल," ड्वेन म्हणाला. आता तो वळला होता.

"तुझ्याकडून नाही उघडून घेत, तिच्याकडून घेतोय."

कोराने स्क्रू काढला. तो अगदी सहज निघाला. लाकडाचा तुकडा तिने उलटा केला. आतलं लाकूड फिकट होतं, कोरं होतं, आणि त्याला अजून वार्निशचा वास येत होता.

तिने वडिलांकडे पाहिलं. ड्वेनच्या हातांवरून साबणाचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्याने खुणावलं नाही. नुसता बघत राहिला.

"दिसतंय का नीट?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दिसतंय." कोराने लाकडावरून बोट फिरवलं. "एझ्रा." मग जरा थांबून, "क्लेम."

ऑर्विलने मान हलवली. त्याचे खांदे सैल झाले.

"आणि ऑर्विल," कोरा घाईने म्हणाली. "तुमचंपण आहे, आजोबा."

म्हाताऱ्याची मान हलायची थांबली. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि पेन्सिलीचा तुकडा बाहेर काढला. टोक सकाळीच केलेलं होतं.

"आपल्याकडे रिव्हॉल्व्हर पुढच्याला देताना देणारा आपलं नाव लिहितो, पोरी," तो हळूच म्हणाला. "माझं मी आज लिहिणार होतो."

त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळत ड्वेनच्या बाजूला गेली, कडेला पोचली आणि खाली पडली. कोणी उचलली नाही.