कपाटातला आवाज

आवाज घुमू नये म्हणून काका कपड्यांच्या कपाटात शिरून गाणी रेकॉर्ड करत आणि मग कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या प्लगइनने तोच आवाज पुन्हा घुमवत. परवा सॉफ्टवेअर अपडेट करून त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. प्लगइन काही केल्या जुळेना. दुपारभर डोकेफोड करून शेवटी त्यांनी तो काढूनच टाकला.

“अगं, चहा टाकतेस का?” काकांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

“टाकतेस का... टाकतेस का...” कपाटातून आलं.

काकांनी कॉम्प्युटर बंद केला, माइक बाहेर काढला, कपाटाला कडी घातली. मग ते तोंड घट्ट मिटून उभे राहिले.

“अगं, दार उघड... दार उघड...” आतून काकांचाच आवाज आला.

“आले, आले. जरा दम धरा,” म्हणत काकू कप घेऊन आल्या आणि काकांकडे ढुंकूनही न बघता त्यांनी कपाटाची कडी काढली.