चंपाअक्काचा हातमोजा

माझी थोरली जाऊ चंपाअक्का. तापात तिचे कान गेले, डोळेही गेले. जीभ मात्र शाबूत, चांगली तिखट. आम्ही तिच्याशी बोलायचो ते तिच्या सुती हातमोज्यावर. भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, त्यावर अक्षरं रंगवली होती, एकेक दाबत गेलं की तिला शब्द कळायचा. शब्द संपला की भावजी लाडाने चिमटा काढायचे.

भावजी वारले आणि अक्काने अन्न सोडलं. पार वाळली. शेवटी मी ताट घेऊन बसले, ‘जेव’ असं दाबलं आणि हुबेहूब भावजींसारखा चिमटा काढला.

अक्का खुदकन हसली. "मालू, चिमटा त्यांचा चोरलास, पण बोटं तुझीच की गं. हसतायत ते तुला."

मी हात काढून घेतला. तुम्हाला खोटं वाटू दे, पण हातमोज्याचं कापड आपोआप दबत राहिलं, अक्षरामागून अक्षर. मी वाचलं: आमटीत मीठ नाही.

चाखली. खरंच नव्हतं.

"मीठ घाल," अक्का म्हणाली, "आणि त्यांचंही ताट वाढ. त्यांच्याआधी मी कधी जेवलेय का?"