हनुवटीला हात

"त्या चष्मेवाल्यानं तुझ्या हनुवटीला हात लावला की नाही, तेवढंच सांग," मोठी जाऊ म्हणाली.

"लावला," धाकटी म्हणाली.

झालं. जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. थोरल्या दिरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. चुलतसासूनं तोंडावर रुमाल धरला, तो रडू झाकायला नव्हताच. चष्म्याचं माप घेताना मान सरळ धरावी लागते, असं धाकटी सांगायला लागली. पण ऐकतो कोण? जाऊबाईंनी दुकानाच्या काचेतून स्वतः पाहिलं होतं. दोघं डोळ्यांत डोळे घालून बसली होती म्हणे. आता चष्मेवाला डोळ्यांत नाही बघणार, तर काय तळपायात बघणार? धाकटीला अजून एक गोष्ट सांगायची होती. जाऊबाईंनी हात वर केला आणि ती तोंडातच राहिली.

नवरा गेल्यापासून धाकटी वरच्या खोलीत शिवणकाम करून पोट भरत होती. त्या दिवसानंतर जिन्यातल्या बायका एकेक करून आल्या आणि बेतलेली कापडं परत घेऊन गेल्या. कुणाची घाई संपली होती, कुणाला शिवायचंच नव्हतं. कापड उचलताना नजर मात्र प्रत्येकीची तिच्या हनुवटीवर. मशीन झाकून ठेवावं लागलं. इतकी वर्षं तिनं कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. बक्षीस काय, तर चोर सोडून संन्याशाला फाशी. एक दिवस ती पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी तिला असा काही राग आला की रडू कुठल्या कुठे पळालं. आता जाऊबाईंचा रोज तिळपापड झाला पाहिजे, आणि तो सगळ्या जिन्यानं पाहिला पाहिजे, एवढं एकच तिला हवं होतं.

घरपोच आलेला नवा चष्मा लावून ती दुकानात गेली. चष्मेवाला एकटाच काचा पुसत होता. अर्धं टक्कल, कानामागे पेन्सिल, लग्नाचं वय केव्हाच मागे पडलेलं.

"आपल्या दोघांचं काहीतरी आहे म्हणतात," ती म्हणाली.

"मीही ऐकलं. मला कुणी विचारायचं तरी."

"शिक्षा भोगतेच आहे, तर गुन्हा तरी करून घेते. संध्याकाळी फिरायला येता? आमच्या जाऊबाईंच्या गॅलरीखालून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग फडकं खाली ठेवलं आणि शटर ओढलं.

पहिल्याच संध्याकाळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालणाऱ्या जाऊबाई नळी हातात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं आणि खालच्या बाईंनी त्यांचा उद्धार केला. धाकटीच्या काळजाला काय गारवा मिळाला म्हणता! दुसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून निघाली. तिसऱ्या दिवशी दोनदा गेली. बोलायला दोघांकडे काही नव्हतं. तो समोरच्या पाट्या तिला वाचायला लावायचा आणि ती वाचायची. वरून बघणाऱ्यांना ती कुजबुज वाटायची, बरंच होतं ते. एकदा तो म्हणाला, "या इमारतीत एकाही माणसाचे दोन्ही कान एका उंचीवर नाहीत. तुमच्या जाऊबाईंचा डावा तर ऐकून ऐकून खाली आलाय." ती इतक्या मोठ्यानं हसली की वरची खिडकी धाडकन बंद झाली. ते हसू जाऊबाईंना ऐकवण्यासाठी नव्हतं, हे जिना चढताना तिच्या लक्षात आलं, आणि तिला जरा भीतीच वाटली.

मग एका संध्याकाळी गॅलरीला कुलूप होतं. जाऊबाई घरातल्या सगळ्यांना घेऊन चार दिवस परगावी गेल्या होत्या. जिन्यातही कुणी नव्हतं. धाकटी खाली उभी राहून वर बघत राहिली.

"आज बघायला कुणी नाही," ती म्हणाली.

"मग परत फिरायचं?" त्यानं विचारलं.

तिनं राग शोधून पाहिला, तो होता जागेवरच, पण आज त्याची गरज नव्हती.

"पुलापर्यंत जाऊन येऊ," ती म्हणाली.

लग्नाची पहिली पत्रिका तिनं जाऊबाईंना नेऊन दिली. मुद्दाम तीच वेळ निवडली, जेव्हा सगळ्या बायका तिथं जमलेल्या असतात. जाऊबाईंनी पत्रिका दोन बोटांत धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी काय सांगत होते? त्या दिवशी काचेतून बघितलं तेव्हाच ओळखलं मी. हिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती."

"त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच होतं, जाऊबाई," धाकटी शांतपणे म्हणाली. "जुना चष्मा फुटला होता, नवा व्हायचा होता. समोर माणूस आहे की कपाट, तेही मला दिसत नव्हतं. तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची. हे लग्न तुम्ही जुळवलंत."

"मी?"

"तर काय. तुम्ही घरोघर सांगितलंत, म्हणून मी मुद्दाम जाऊन त्यांना बघितलं."