दिली, घेतली

"म्हणा, दिली," गुरुजी म्हणाले.

श्रीपादने पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडलं. "दिली."

"आता तुम्ही दोघं. घेतली म्हणा."

पद्माचा नवरा गोपाळकृष्ण लगेच म्हणाला. पद्माचा आवाज त्याच्यामागून आला. मग बारा वर्षांची लीला बापाच्या पाटाजवळून उठली, होमाला वळसा घालून आली आणि पद्माच्या मांडीवर बसली.

जमलेल्या बायकांत खसखस पिकली. दत्तक म्हणजे तान्हं नाहीतर रांगतं मूल, आणि तेही मुलगा. मुलगी दत्तक घेता येईल असा कायदा येऊन महिनाही झाला नव्हता. गुरुजींनी तो कायदा महाराज बाडा चौकातल्या एका वकिलाकडून दोनदा वाचून घेतला होता. तरीही मंत्र म्हणताना ते अधूनमधून अडत होते.

"घोडी झालीय की गं," सरोजिनीआत्या म्हणाल्या. त्या श्रीपादच्या आत्या. घरात आता त्याच सगळ्यांत मोठ्या. "मांडीत मावत नाहीये. पद्मा, अजून सांगते, हिच्या धाकट्या मुन्नीला ने. चार वर्षांची पोर. सहा महिन्यांत तुला आई म्हणायला लागेल. इकडचं काही आठवणार नाही तिला."

"म्हणूनच नको, आत्या."

"तिकडे आफ्रिकेत सिंह दाराशी येतात म्हणे."

"आमच्या दाराशी दूधवाला येतो," पद्मा म्हणाली.

बायका हसल्या. लीला हसली नाही.

पद्माचा जन्म नैरोबीचा. हा देश ती पहिल्यांदाच पाहत होती. ग्वाल्हेरची थंडी, मराठी घरांतली अर्धी हिंदी, दुपारी पाहुण्याला न विचारता दिलेली रजई, या सगळ्याची तिला आठवड्यात सवय झाली. एका गोष्टीची झाली नाही. इथे सगळ्यांचं सगळ्यांशी बोलणं झालं होतं. श्रीपाद गोपाळकृष्णाशी बोलला होता, आत्या गुरुजींशी, गुरुजी वकिलाशी. लीलाशी कोणी बोललं नव्हतं. नोव्हेंबरात मध्यभारत राज्य संपलं, श्रीपादची कचेरी नव्या राजधानीत, भोपाळला हलली. तिथे त्याला एक खोली मिळणार होती. बायको गेलेली, पदरी दोन मुली. सगळ्यांना एवढं पुरलं.

पद्माने मोठी मागितली, कारण मोठीला हो किंवा नाही म्हणता आलं असतं. पण तिने विचारलं की लीला बापाकडे बोट दाखवायची, "नाना सांगतील तसं," आणि पोळपाट पुढे ओढायची.

आता ती मांडीवर होती, पण मांडीला वजन लागत नव्हतं. पद्माने खाली पाहिलं. लीलाने उजवा हात मागे फरशीवर रोवला होता. नखं पांढरी पडली होती, कोपर कापत होतं. सगळा भार त्या हातावर होता. नव्या परकराचा काठ तेवढा पद्माच्या साडीला टेकला होता.

"हात दुखेल," पद्मा हळूच म्हणाली.

"नाही दुखणार, काकू."

"होम पुरा व्हायचाय अजून. यायचं नसेल तर आत्ता सांग. मी उठेन."

लीलाने मान वळवली नाही. ती समोर बघत होती. समोर श्रीपाद धुराने भरलेला चष्मा धोतराने पुसत होता. शेजारी मुन्नी उभी होती, नाक वाहत होतं. तिने दोन्ही हात पुढे केले.

"जीजी, गोदी."

ती सरळ होमाच्या अंगाने निघाली.

"अगं, विस्तव!" आत्या ओरडल्या.

लीला उठली.

"उठायचं नाही, पोरी!" गुरुजींची तुपाची पळी हवेतच राहिली. "मध्येच उठलीस तर विधी राहिला सगळा."

गोपाळकृष्णाने पद्माकडे पाहिलं. ती लीलाकडे बघत होती. मांडीवरची साडी तिने सारखी केली नाही.

लीलाने मुन्नीला कडेवर घेतलं. वळसा घालून ती परत बापाच्या पाटाशी गेली, नव्या परकराच्या टोकाने मुन्नीचं नाक पुसलं आणि तिला श्रीपादच्या मांडीवर ठेवलं.

"अशी नाही, नाना. डाव्या बाजूला घ्या. उजवीकडे घेतलं की रोती है. आणि झोपताना कान धरते. धरू द्यायचा."

श्रीपादने मान हलवली. लीला तिथेच उभी राहिली.

"म्हणा ना."

"काय?"

"घेतली म्हणा."

श्रीपादने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी विस्तवाकडे बघत होते.

"घेतली," श्रीपाद म्हणाला.

मुन्नीने हात वर करून त्याचा कान चाचपला. तो सापडेपर्यंत लीला थांबली. मग आली होती त्याच वाटेने परत गेली आणि पद्माच्या मांडीवर बसली.

गुरुजींनी पळीतलं तूप सोडलं. ज्वाळा वर आली, मंत्र पुन्हा सुरू झाले. थोड्या वेळाने पद्माच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, मग तो गुडघ्यापर्यंत बधिर झाला. तिने तो हलवला नाही. लीलाचा उजवा तळहात परकरावर उताणा पडला होता. फरशीवरच्या अक्षता त्यात रुतून बसल्या होत्या.