बिअरचा बर्नर

जपानमधल्या सेंदाईच्या भाड्याच्या घरात वसुधा तीन वर्षं एकाच बर्नरवर सगळा स्वयंपाक उरकत होती. दुसरा मागितला की तिचा नवरा माधव म्हणायचा, "घरमालक नको म्हणतात." आज मात्र घरच्या बिअरसाठी महिनाभर पारखून आणलेला भलामोठा बर्नर त्यानं मागच्या अंगणात पेटवला. वर पंधरा लिटर जवाचा काढा रटरटत होता.

"याला नाही वाटतं त्यांची हरकत?" तिनं दात आवळून विचारलं.

"हा घराबाहेर आहे. ज्योत बघ, कशी निळीशार."

वासानं शेजारीच राहणारे त्यांचे घरमालक साइतो-सानच कुंपणाशी आले. बर्नर पाहून त्यांचा चेहरा खुलला.



"वसुधा-सान, गेली एकदाची तुमची भीती. दुसरा बर्नर मी केव्हाच बसवून देणार होतो, पण तुम्ही जाळाला घाबरता, असं माधव-सान दरवेळी सांगायचे."