थोरली मथुरा

"आजी, तुमचं वय चुकलंय," डॉक्टर म्हणाला.

मथुरा कोळीण ओटीवर बसून सुके बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. "वय माझं. आणि ते चुकलं म्हणून सांगायला तू होडीत बसून मनोरीला आलास?"

हा विद्याधर डॉक्टर दीड महिन्यापूर्वी येऊन गावातल्या सात म्हाताऱ्यांचं रक्त घेऊन गेला होता. एकोणसत्तर साल. हाँगकाँगचा ताप, तो नवा फ्लू, तेव्हा मुंबईत घरोघर खोकत बसला होता; मनोरीत अजून पोचला नव्हता. रक्त विमानाने लंडनला गेलं. तिथला कागद आता त्याच्या हातात होता.

"जपान, हॉलंड, अमेरिका, सगळ्यांनी आपापल्या म्हाताऱ्यांचं रक्त तपासून आकडे एकमेकांना कळवले. रशियानेसुद्धा."

"बघ गं वनमाला," मथुरा सुनेला म्हणाली, "दुश्मन दुश्मनाला रक्त दाखवतो. आणि माझ्या दोन सुना एकमेकींना मिठाची बरणी दाखवत नाय."

वनमालेने नाक मुरडलं.

"असाच ताप अठराशे नव्वदला येऊन गेला असावा," डॉक्टर म्हणाला. "तेव्हा जी पोरं तापली, त्यांचं रक्त आजचा ताप ओळखतं. मागून जन्मलेल्यांचं ओळखत नाही. तुमचं ओळखतं, आजी. आणि तुम्ही जन्म सांगता प्लेगच्या साली. त्या तापानंतर सात वर्षांनी."

मथुरेचा हात थांबला.

"जन्म प्लेगचाच. गाव रिकामं केलेलं, आय माळावर झोपडीत बाळंत झाली. अख्ख्या मनोरीला ठाऊक हाय."

"मग नव्वदच्या तापात..."

"त्या तापात माझी बहीण गेली. पाच वर्षांची. नाव मथुरा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"मेलेलीचं नाव मागच्या पोरीला ठेवलं. आमच्या घरची रीत. पण आयचं नावावर भागलं नाय. तिचेच पैंजण मला, तिचीच ताटली मला. थोरलीने खेळायच्या कवड्या कुठंतरी लपवलेल्या, त्या मला विचारायची, 'मथुरे, कवड्या कुठं लपवल्यास गं?' मी बोलायची, आय, मी ती नाय. आयने शेवटचं पाणी माझ्या हातचं घेतलं. तेव्हापण विचारलंन, 'कवड्या?'"

वनमाला हळूच म्हणाली, "आत्याबाई, वय ऐंशीच्या वर लिहा म्हणावं ना. कोण बघायला येतंय?"

"तू गप. ऐंशीच्या वर लिहिलं की मी ती झाले. बहात्तर वर्षं भांडले, आता साहेबाच्या कागदावर हरू?"

"नाही लिहिलं तर तुमचं नाव यादीतून खोडावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "रक्ताची नळी दुसऱ्या कोणाशी बदलली असेल, चूक झाली, असं कळवतो."

"खोडतोस? नाव मला एकच मिळालं, तेपण उसनं." मथुरेने हात पुढे केला. "पुन्हा घे. ह्या खेपेला नळी माझ्या डोळ्यांसमोर राहील. मग सांगू दे तुझ्या लंडनला, मी कोण ते."

डॉक्टरने दंडाला पट्टी बांधली. सुई आत गेली.

"आय गं," कोणीतरी लहान पोरीच्या बारीक आवाजात म्हणालं.

वनमालेने दाराकडे बघितलं. दारात कोणी नव्हतं. मथुरेचे ओठ घट्ट मिटलेले होते.

डॉक्टरने नळीवर चिठ्ठी चिकटवली, नळी लाकडी खाचेत उभी केली आणि सांगितलं, अर्धा तास हलवायची नाही. मथुरा समोर मांडी घालून बसली. वनमालेने चहा आणला तो तिने बघितलासुद्धा नाही. कोणी नळीला हात लावला नाही, कोणी जवळ गेलं नाही, याची ती स्वतः साक्षीदार.

रक्त हळूहळू खाली बसलं. घट्ट, काळपट. वर पिवळसर, नितळ पाणी उरलं.

"हे वरचं काय?"

"ताप ओळखतं ते हेच, आजी. हे लंडनला जाईल. खालचं आम्ही फेकून देतो."

मथुरा पुढे वाकली. नळीच्या काचेला नाक लागेल इतकी. खालचं काळपट आणि वरचं नितळ, दोन्हींकडे ती आळीपाळीने बघत राहिली.

"आणि ह्यातली मी कुठली?"